गाडी गरम करून ठेव

मुलुंडला थंडी पडते यावर मुंबईच्या बाकीच्या लोकांचा विश्वास नसतो. आमच्या ग्रंथालयात, घाटकोपरला, मी जानेवारीत स्वेटर घालून गेले की सहकारी हसतात. पण आमचा रस्ता डोंगराच्या पायथ्याशी संपतो आणि पहाटे तिथून गार हवा खाली उतरते. रस्त्यावर उभ्या असलेल्या गाड्यांच्या काचांवर दव साचतं. त्या हवेत बाबांचा ट्रक उभा असायचा, सोसायटीच्या भिंतीला लागून, रात्रभर.

बाबांनी आयुष्यभर मालाची गाडी चालवली. आधी दुसऱ्याची, मग स्वतःची. भांडुपच्या एका कारखान्यातून पुठ्ठ्याचे खोके नाशिकला न्यायचे आणि तिकडून मिळेल तो माल घेऊन परत यायचे. थंडीच्या दिवसांत ते उजाडण्याआधी खाली जायचे आणि गाडी चालू करून ठेवायचे. डिझेलचं इंजिन गार असताना लगेच हाकायचं नसतं. आधी किल्ली अर्धी फिरवायची. समोर हीटरचा केशरी दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबायचं. मग सेल्फ मारायचा. इंजिन सुरू झालं तरी खडखडत राहतं, मागून पांढरा धूर येतो, ब्रेकच्या टाकीत हवा भरेपर्यंत बझर वाजत राहतो. हळूहळू खडखड एका लयीत येते, धूर विरळ होतो, हवेचा काटा वर चढतो आणि बझर थांबतो. तोपर्यंत बाबा काहीही करत नसत. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहत. ‘दम खावंदे तिका,’ एवढंच म्हणत. घरी ते मालवणी फारसं बोलत नसत, गाडीशी मात्र बोलत.

शाळेत असताना मी त्यांच्याबरोबर खाली जात असे. आमच्या ट्रकमध्ये इंजिन केबिनच्या आतच, दोन सीटांच्या मध्ये होतं, त्यावर पत्र्याचं जाड झाकण. बाबा त्यावर गोधडीची घडी टाकायचे आणि मी तिथे बसून पाठांतर करायचे. खालून हळूहळू ऊब चढायची. किल्ली कधीकधी मला फिरवू द्यायचे. दिवा विझायच्या आत सेल्फ मारला तर मात्र हातावर चापट बसायची.

इथवर लिहून मी थांबले होते, कारण हे वाचून कोणालाही वाटेल की बाबा फार धीराचे होते. तसं नव्हतं. गाडीला ते वेळ द्यायचे. आईला चहाला उशीर झाला तर चहा न घेता निघून जायचे आणि संध्याकाळपर्यंत अबोला धरायचे. दादा दहावी झाला तेव्हा त्याने कुठल्या शाखेला जायचं यासाठी दोन दिवस मागितले होते. ‘आत्ता सांग,’ बाबा म्हणाले आणि तो गप्प राहिला म्हणून त्याच्या कानाखाली वाजवली. दादा त्या केबिनमध्ये कधी बसला नाही. पुढे तो शिकला, नोकरीला लागला, बोरिवलीला घर घेतलं. मी आईबाबांबरोबर मुलुंडलाच राहिले.

बाबा दिवाळीनंतर गेले. फुफ्फुसात पाणी झालं होतं. दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांत त्यांचं बोलणं तुटक झालं होतं, पण जे शेवटचं नीट वाक्य ते माझ्याशी बोलले ते गाडीबद्दल होतं. ‘रोज चालू करून ठेव, नायतर बसतली.’ बंद पडून राहील, असं त्यांना म्हणायचं होतं. आई पलीकडेच स्टुलावर बसली होती. तिच्याबद्दल काही नाही, दादाबद्दल काही नाही. आईने पदर डोक्यावर घेतला आणि खिडकीकडे बघत राहिली.

म्हणून तेरावं झाल्यावर मी रोज सकाळी खाली जाऊ लागले. मला गाडी चालवता येत नाही, फक्त चालू करता येते. किल्ली, दिवा, सेल्फ. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की गाडी पूर्वीसारखी राहिलेली नाही. पहिल्या सेल्फला नुसती कुरकुरली. दुसऱ्याला खोकली. तिसऱ्या-चौथ्याला कशीबशी पेटली आणि एवढा धूर सोडला की भिंतीपलीकडचं दिसेना. गरम झाल्यावर मात्र ती शांतपणे गुरगुरत राहायची, जणू काही झालंच नाही. मग मी बंद करायचे, वर जायचे, डबा भरायचे आणि कामाला निघायचे.

आईला ते आवडत नव्हतं. ‘माणूस गेला तरी आवाज आहेच,’ ती एकदा म्हणाली.

शेजारी नवा टॉवर झाला आहे. तिथली एक बाई सकाळी चालायला निघताना केबिनच्या खिडकीशी थांबली. कानातला इयरफोन काढून म्हणाली, “हा ट्रक तुमचा का?”

“वडिलांचा.”

“मग त्यांना सांगा ना, एवढा धूर करू नका म्हणून. आमच्याकडे लहान मूल आहे.”

“ते गेले.”

“बरं, आले की सांगा.”

मी हो म्हटलं. तिचं चुकलं नव्हतं. लहान मूल तर खरंच असेल.

बाबा गेल्यावर घरात खरा प्रश्न एकच होता, गाडीचं काय करायचं. दादाला ती विकायची होती. मला विकण्याला विरोध करता येत नव्हता, कारण मी ती ठेवून काय करणार होते? मला एवढंच हवं होतं की ती रस्त्यावर चालत राहावी, कोणाच्या तरी उपयोगाची. कापली जाऊ नये. हे मी दादाला सांगितलं होतं. तो म्हणाला, “बघतो गं.” त्याच्या बोलण्यात तेव्हा ओलावा होता असं मला वाटलं.

डिसेंबरच्या शेवटी त्याचा फोन आला.

“उद्या एक माणूस येतोय गाडी बघायला. नाशिककडचा आहे. तू सकाळी चालू करतेस ना रोज?”

“करते.”

“उद्या जरा जास्त वेळ चालू ठेव. मी येईपर्यंत ठेव. मस्त गरम होऊ दे.”

मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत त्याने पहिल्यांदाच माझ्या खाली जाण्याची दखल घेतली होती. त्या सकाळी मी काच पुसली, केबिन झाडली, बाबांनी समोर चिकटवलेल्या देवाच्या फोटोला झेंडू वाहिला. इंजिन चालू ठेवून झाकणावर बसून पुस्तक वाचत राहिले. टॉवरच्या वॉचमनने दोनदा येऊन बघितलं. दादा आला तेव्हा त्याने रिक्षातून उतरताउतरताच धुराच्या नळीकडे नजर टाकली. धूर स्वच्छ होता. तो हसला. “झकास. आता बंद कर,” तो म्हणाला, “आणि खाली उतर.”

थोड्या वेळाने गिऱ्हाईक आलं. पन्नाशीचा माणूस, कानाला मफलर, पायात चपला. चपला काढूनच तो केबिनमध्ये चढला. गिअर हलवून बघितला, सीटखाली हात घातला, मग सहज म्हणून तळहात इंजिनाच्या झाकणावर टेकवला आणि तसाच ठेवला.

“गरम आहे,” तो म्हणाला.

दादा लगेच पुढे झाला. त्याचा आवाज एकदम खाली आला. “माझी बहीण आहे ही. बाबा गेल्यापासून रोज सकाळी खाली येऊन गाडी चालू करते. आईला आवडत नाही. पण तिचं तेवढंच आहे हो. समजून घ्या.”

त्या माणसाने झाकणावरून हात उचलला. देवळातल्या वस्तूला चुकून हात लागावा तसा. “माफ करा ताई,” तो मला म्हणाला. “वडील ते वडील. माझे गेले तेव्हा मी त्यांची सायकल वर्षभर पुसत होतो.”

तेव्हा मला सगळं समजलं. दादाने एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता. मी खरंच रोज येत होते, बाबा गेल्यापासूनच येत होते आणि माझं खरंच तेवढंच होतं. त्यानेच मला गाडी गरम करून ठेवायला सांगितलं होतं, एवढंच त्याने सांगितलं नाही. गार गाडी कशी उठते हे बघायला गिऱ्हाईक सकाळी येतं, आणि विकणारा ती आधीच गरम करून ठेवतो. जुन्या गाड्यांच्या बाजारात ही रीतच आहे, हे मला नंतर कळलं. गिऱ्हाइकालाही ती माहीत असते, म्हणून तो आधी झाकणावर हात ठेवतो. माझ्यासारखी कोणी उभी असेल तर मात्र तो हात काढून घेतो.

माणूस बोलका होता. नाशिककडून भाजी आणि द्राक्षं आणतो म्हणाला. माल शेतावर भरायचा आणि पहाटेच निघायचं. “आमच्याकडची थंडी म्हणजे तुमच्यासारखी नाही ताई, बोटं वळत नाहीत. आधीच्या गाडीने दोनदा दगा दिला. पहाटे उठलीच नाही. द्राक्षं तशीच बसली.” मग दादाकडे वळून म्हणाला, “मला बाकी रंगबिंग काही नको. थंडीत उठते ना, तेवढं सांगा.”

“एका सेल्फमध्ये,” दादा म्हणाला. “फर्स्ट क्लास. बाबांनी पोरासारखी ठेवली होती.”

त्याने किल्ली फिरवली आणि गाडी खरोखरच एका सेल्फमध्ये सुरू झाली. धूर नाही, खडखड नाही. माणसाने समाधानाने मान हलवली. दादाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघे पलीकडच्या चहाच्या टपरीकडे निघाले.

“तुम्ही उद्या या,” मी म्हटलं.

दोघेही थांबले.

“मी उद्या चालू करणार नाही. गार असताना बघा.”

दादा हसला. “अगं, काय हे! एवढ्या लांबून ते परत कशाला येतील?”

“येतो की,” माणूस म्हणाला. तो माझ्याकडे बघत होता. “इथे मावसभाऊ आहे माझा. त्याच्याकडे राहतो आज.” चहा न घेताच तो गेला.

दादा माझ्या पुढे जिना चढला. घरात शिरल्यावर दार लावून घेतलं. आई खाली बसून मटार सोलत होती.

“तुला कळतं का तू काय केलंस?”

“तो द्राक्षं नेतो, दादा. घाटात बंद पडली तर?”

“तर मेकॅनिक बोलावेल! जुनी गाडी घेतोय यार तो, त्याला काय कळत नाही? तूच सांगितलंस ना, चालत राहू दे, कापू नका? चालवणारा माणूस आणला मी. शोधून आणला. वाट लावलीस.”

“मला माहीत नव्हतं तू कशासाठी गरम करायला सांगतोयस.”

“वा! आणि बाबा कशासाठी करायचे?”

मी चपला काढायला वाकले.

“नाही, सांग ना. बाबा काळोखात उठून खाली का जायचे? कारखान्याचा माणूस सात वाजता गाडीबरोबर जायला यायचा, त्याच्या आत ही गरम व्हायला पाहिजे म्हणून. ही कायम अशीच होती. थंडीत उठायची नाही. त्याला कळलं असतं तर कधीच काम काढून घेतलं असतं. मला त्यांनीच सांगितलंय, एकदा पिऊन आले होते तेव्हा. तुला काय वाटलं, माया होती? मी तेच केलं जे ते रोज करत होते. फरक एवढाच, मला गोधडी टाकायला जमलं नाही.”

दादाने केबिनमधली ती गोधडी कधी पाहिली होती, मला माहीत नाही. बहुधा खिडकीतून पाहत असेल. तेव्हा तो अंथरुणात झोपलेला असायचा असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

“आई,” मी विचारलं, “हे खरं आहे?”

आईने मान वर केली नाही. “मला काय विचारतेस? मी चहा करत होते.”

ती रात्र कशी गेली ते लिहिण्यासारखं नाही. मी आठवत राहिले. लहानपणी गाडी किती सेल्फला उठायची ते आठवेना, पण कारखान्याचा माणूस यायचा हे मला आठवत होतं. तो बाबांना ‘अरे वा, तयार का?’ म्हणायचा, तेही आठवत होतं. तो यायच्या आधी बाबा मला झाकणावरून उतरवून वर पाठवायचे. शाळेची वेळ झाली म्हणून पाठवतात, असं मी समजत होते. प्रत्येक आठवण दोन्हीकडून बसत होती. काटा चढेपर्यंत स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला माणूस गाडीची काळजी करत असेल, किंवा कोणी लवकर येतंय का म्हणून आरशात बघत असेल. बाबा आरशात बघायचे का? बघायचेच. गाडी चालवणारा माणूस आरशात बघतोच.

दुसऱ्या दिवशी मी खाली गेले नाही. अंथरुणात पडून राहिले. बरोबर त्या वेळेला आई उठली, खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि परत येऊन पडली. आम्ही दोघीही जाग्या आहोत हे दोघींना माहीत होतं.

माणूस सांगितल्या वेळी आला. दादाही आला, हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभा राहिला. झाकणावर हात ठेवायची गरज नव्हती. काचेवरचं दव अजून ओघळत होतं. माणसाने किल्ली अर्धी फिरवली, दिवा विझेपर्यंत थांबला, सेल्फ मारला. कुरकुर. पुन्हा थांबला. पुन्हा मारला. गाडी खोकली आणि गप्प झाली. दादा आकाशाकडे बघत होता. पुढच्या एका खेपेला ती पेटली. पांढरा धूर रस्ताभर पसरला, वर कोणाची तरी खिडकी धाडकन बंद झाली. आतून हातोडीने पत्रा ठोकल्यासारखा आवाज येत होता. माणूस कान देऊन ऐकत राहिला. मग त्याने गाडी बंद केली, खाली उतरून चपला घातल्या.

“इंजिन खोलावं लागेल हो,” तो दादाला म्हणाला. “मला नाही जमायचं.” माझ्याकडे वळून त्याने हात जोडले. “ताई, उपकार झाले तुमचे.”

तो वळणापलीकडे दिसेनासा झाल्यावर दादा म्हणाला, “घे. उपकार घे. आता ह्याच गाडीतून पुस्तकं ने घाटकोपरला.”

त्यानंतर दोनतीन माणसं येऊन गेली. दादाने मला न सांगताच आणली असावीत, पण गाडीची बातमी तोवर फिरली होती की काय, कोणीच घेतली नाही. टॉवरच्या लोकांनी ट्रक हलवा म्हणून तक्रार केली. आरटीओच्या पासिंगची मुदत संपत आली होती, आणि नवं पासिंग मिळवायचं तर इंजिनाचं काम करणं भाग होतं. दादाने एके दिवशी फोन करून सांगितलं, “भंगारवाला येतोय शनिवारी. कुर्ल्याचा. तुला हवं होतं त्याच्या बरोबर उलटं झालं, हे तुला कळतंय ना?”

“कळतंय.”

“त्या दिवशी गप्प बसली असतीस तर आज ती द्राक्षं वाहत असती.”

खरं होतं ते. कदाचित घाटात बंद पडली असती, कदाचित त्या माणसाने थोडं काम करून घेतलं असतं आणि ती आणखी दहा वर्षं चालली असती. मी त्याला वाचवलं आणि गाडी मारली. यातलं कुठलं बाबांना आवडलं असतं, हेही मी ठरवू शकत नाही. दादा म्हणतो तसे बाबा असतील तर ते मला मूर्ख म्हणाले असते.

शनिवारी भंगारवाल्याचा ड्रायव्हर किल्ली घेऊन बराच वेळ झगडला. गाडी उठेना. तेव्हा दादाने खालून हाक मारली, “ये गं जरा. तुझ्याकडून चालू होते ती.”

मी गेले. न जाण्याचा विचार जिन्यातच येऊन गेला. केबिनमधून देवाचा फोटो आईने आधीच काढून नेला होता, तिथे डिंकाचा चौकोन राहिला होता. मी किल्ली अर्धी फिरवून थांबले. ड्रायव्हर पायरीवर उभा होता, तरुण, तोंडात मावा.

“मारा ना सेल्फ.”

“दिवा विझू दे.”

“कापायलाच चाललीय ताई. गरम कशाला करताय?”

मी थांबलेच. काही खेपांनंतर ती पेटली. बझर वाजू लागला. मी उतरून त्याला जागा दिली. तो चढला, गिअर टाकायला गेला आणि शिवी घालून परत मागे टेकला, कारण टाकीत हवा भरल्याशिवाय ब्रेक लागत नाही. काटा वर येईपर्यंत त्यालाही बसून राहावं लागलं, स्टिअरिंगवर हात ठेवून, आरशात बघत. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्याच्या मनात गाडीबद्दल काहीही नव्हतं, आणि बाहेरून तो अगदी बाबांसारखा दिसत होता.

बझर थांबला. ट्रक भिंतीपासून सुटला आणि रस्त्याला लागला. दादा फोन खिशात टाकत माझ्याशेजारी येऊन उभा राहिला.

“झालं समाधान?”

“नाही,” मी म्हटलं.

मला वाटलं तो भांडेल. पण तो म्हणाला, “माझं पण नाही.” वर जाऊन आईला न भेटताच तो स्टेशनकडे निघून गेला.